काळा कोट आणि गाजरगवत

पाथरीत खोली भाड्यानं घेतली आणि पहिल्याच आठवड्यात मला नोटीस आली. भाडं थकलं म्हणून नाही, की पाणी सांडलं म्हणून नाही. माझ्या मोरीच्या तोंडाशी गाजरगवताचं एक रोप उगवलं होतं, म्हणून. दाराच्या कडीला दोऱ्यानं कागद बांधलेला आणि त्यावर टाइप केलेला मजकूर: सदर जागेच्या भोगवटादारास कळविण्यात येते की, आपल्या ताब्यातील जागेत घातक तण आढळून आले असून ते फुलावर येण्यापूर्वी मुळासकट नष्ट करण्यात यावे, अन्यथा. त्या 'अन्यथा'च्या पुढं इतकं काही लिहिलेलं होतं, की मी गॅसवरचा चहा तसाच टाकून अंगणात आले.

घरमालक खुर्ची टाकून वाटच बघत बसले होते. जून लागला होता, पण पावसाचा पत्ता नव्हता, अंगाची लाही होत होती. आणि या माणसाच्या अंगात पूर्ण बाह्यांचा सदरा, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, हातात सुती मोजे, डोक्याला उपरणं गुंडाळलेलं. मांडीवर काठी आडवी.

"नोटीस तामील झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली. पण काका, एकच तर रोप आहे. तुम्ही तोंडानं सांगितलं असतं तरी उपटलं असतं मी."

"तोंडी सांगितलेलं अपिलात टिकत न्हाई," ते म्हणाले. "आन मी काका न्हाई. मी तक्रारदार. तुमी भोगवटादार."

मी चारठाण्याची. आमच्याकडं माणसं देवळाच्या ओट्यावर बसून एकमेकांना शिव्या देतात, पण नोटीस देत नाहीत. माझं डोकं असं फिरलं होतं, की त्याच पावली सामान उचलून निघणार होते. पण पाथरीत एकट्या मास्तरणीला खोली मिळणं सोपं नाही. म्हणून गुमान वाकले आणि ते रोप उपटलं. ते काठी टेकत जवळ आले, माझ्या हातातल्या रोपाकडं निरखून बघितलं आणि म्हणाले, "मूळ तुटलं न्हाई. शाब्बास." नोकरी लागल्यावर वडिलांनीसुद्धा मला शाब्बास म्हटलं नव्हतं. त्या दिवसापासून त्या घरात मी भोगवटादार झाले. "काय भोगवटादार, शाळा सुटली का?" "भोगवटादार, काकूनं थालीपीठ केलंय, खाऊन जा." माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, कोण जाणे.

गावात त्यांना सगळे वकीलसाहेब म्हणायचे. पण मी गेले तेव्हा त्यांची वकिली बंद होऊन कैक वर्षं झाली होती. वडील निजामाच्या काळात उर्दूत वकिली केलेले, त्यामुळं यांच्या बोलण्यात तामील, रुजू, कैफियत, मुद्देमाल असे शब्द भाजीभाकरीसारखे यायचे. पुढच्या खोलीत खुंटीला त्यांचा काळा कोट टांगलेला असायचा. काकू रोज त्याच्यावरची धूळ झटकायच्या, पण अंगात घातलेला तो मी कधी पाहिला नव्हता.

ते का, हे काकूंनीच एकदा भाजी निवडताना सांगितलं. त्यांना या गवताची ॲलर्जी होती. साधीसुधी नाही. नुसता वारा लागला तरी मान, हात, डोळ्यांच्या पापण्या लाल व्हायच्या, कातडी सुजून तडकायची. न्यायाधीशासमोर उभं राहून बाजू मांडायची आणि मधेच मान खाजवायची, हे त्यांना जमेना. लोक हसत नव्हते, पण बघत होते. एका दिवशी घरी आले, कोट खुंटीला लावला आणि परत कोर्टात गेले नाहीत. परभणीच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, या गवताला हात तर लावूच नका, ते जिथं असेल तिथं उभंही राहू नका.

"म्हणून तुम्ही त्याच्या मागं लागलाव काय?" मी त्यांना तोंडावर विचारलं होतं. ते चिडले.

"वैयक्तिक कारण फिर्यादीत लिहू नये," ते म्हणाले.

फिर्याद म्हणजे काय, तर एका कायद्याखालचे त्यांचे अर्ज. पिकांवरची कीड, रोग आणि घातक तण यांच्यासाठी सरकारनं केलेला एक जुना कायदा आहे, हे मला त्यांच्याकडं राहायला जाईपर्यंत ठाऊक नव्हतं. तुम्हालाही नसेल, लाजू नका, तालुक्याच्या कचेरीतल्या अर्ध्या लोकांनाही नव्हतं. सरकारनं एखादं तण घातक म्हणून जाहीर केलं, की ज्याच्या ताब्यात जमीन त्यानं ते काढायचं. नाही काढलं तर नोटीस. तरी नाही काढलं तर सरकारची माणसं रानात उतरून काढणार आणि त्याचा खर्च जमीन महसुलासारखा वसूल करणार. एवढंच. पण वकीलसाहेब हा कायदा असा सांगायचे, की ऐकताना हातातली कामं सुटायची.

"खुनाचा कायदा बघा," ते अंगणात बसून म्हणायचे. "माणूस मेल्यावर उठतो तो. चोरीचा कायदा माल गेल्यावर उठतो. आन हा? हा म्हणतो, फूल यायच्या आधी या. असा दुसरा कायदा दाखवा मला."

मी म्हणायची, "पण दुसऱ्याच्या रानातलं गवत आपण का बघायचं?"

"कारण बी उडतं. वाऱ्याला सातबारा नसतो, भोगवटादार." हे वाक्य ते इतक्या वेळा म्हणायचे, की काकू आतून त्यांच्या बरोबरीनं म्हणायच्या.

स्वतः गवताला हात लावता येत नसल्यामुळं ते दुसऱ्यांना लावायला लावायचे. घरात रीतच होती. कुणीही येवो, आधी अंगणातलं मूठभर तण उपटायचं, मग चहा. पोस्टमन, दूधवाला, गॅसवाला, सगळे आल्या आल्या न सांगता वाकायचे. काकूंच्या भाचीला बघायला सोनपेठचे पाहुणे आले, त्या दिवशी काकूंनी हात जोडून सांगितलं होतं, आजच्या दिवस गप बसा. ते बसले. पाहुणे बैठकीत टेकणार, तेवढ्यात काठी वर झाली. "चिरंजीव, जरा त्या पायरीजवळचं." नवरामुलगा इस्त्रीच्या पँटीत उकिडवा बसला आणि त्यानं रोप हलवून हलवून, सावकाश, मुळासकट काढलं. वकीलसाहेबांनी तिथंच निकाल दिला, "पोरगा तोडत न्हाई, काढतो. द्या पोरगी." लग्न झालं. चांगलं चाललंय.

आमच्या शाळेत स्नेहसंमेलनाला पाहुणे म्हणून त्यांना बोलवा, असं मीच सुचवलं होतं. मुख्याध्यापकांनी बाजारातून मोठा झोकदार गुच्छ आणला. गुलाब, जर्बेरा आणि मधे मधे भरायला बारीक पांढरी नाजूक फुलं. ती फुलं कसली, हे स्टेजवर एका माणसाला सोडून कुणाला कळलं नाही. आपल्याकडं हे सर्रास चालतं, फुलवाल्याला ते रस्त्याच्या कडेला फुकट मिळतं आणि दिसतं बरं. मुख्याध्यापकांनी गुच्छ पुढं केला. वकीलसाहेबांनी हात मागं घेतले.

"माइक द्या," ते म्हणाले. मला वाटलं, आता शिव्या देणार. त्यांनी पंच मागितले. केंद्रप्रमुख आणि शालेय समितीचे अध्यक्ष, दोघांना समोर उभं केलं, मला कागद-पेन घ्यायला लावलं आणि सगळ्या पोरांसमोर त्या गुच्छाचा पंचनामा सांगितला. वर्णन, आकार, फुलावर असलेल्या फांद्या, कुठल्या परिस्थितीत मिळून आल्या. "सदर मुद्देमाल पंचांसमक्ष जप्त केला." पोरं आधी हसली, मग गप झाली, कारण ते हसत नव्हते. शेवटी ते पोरांना म्हणाले, "माणूस शत्रूला हार घालतो ते ठीक हाय. पण शत्रूचाच हार करून घालतो, ही आपली हुशारी." तेव्हापासून आमच्या शाळेत पाहुण्यांना पेरू देतात.

हसण्यावारी नेण्यासारखाच माणूस, नाही का? मीही नेत होते. शाळेतल्या बायकांना त्यांच्या नकला करून दाखवायची मी, काठीसकट.

कचेरीत ते दर महिन्याला अर्ज द्यायचे. तालुक्यात हा कायदा अमलात आणा, घातक तणाबद्दल नोटिसा काढा, पालन न करणाऱ्यांवर कारवाई करा. त्यांची काठी जिन्यात वाजली, की कारकून बाथरूमला निघून जायचे. असं वर्षानुवर्षं चाललं. मग एक नवा साहेब आला. तरणा, हौशी, फोनवर फोटो काढून वर पाठवायची आवड असलेला. त्यानं यांचा अर्ज वाचला आणि म्हणाला, वकीलसाहेब, मोहीम घेऊ. त्या दिवशी ते घरी येताना पेढे घेऊन आले. मोज्यातल्या हातानंच त्यांनी मला पेढा दिला. "भोगवटादार, कायदा जागा झाला," ते म्हणाले. मला खरंच बरं वाटलं त्यांच्यासाठी.

आता सरूबाईचं सांगायला पाहिजे. सोनपेठ रस्त्याला कालव्याच्या कडेनं वकीलसाहेबांचं रान होतं, आणि त्यांच्या बांधाला लागून सरूबाईचा तुकडा. नवरा-बायको दोघं दरसाल दसरा झाला की ऊसतोडीला जायचे, ते पाडव्यानंतर परत यायचे. गावात असली की सरूबाई काकूंच्या अंगणात यायची, तिच्या हाताखाली तण टिकायचं नाही. जायच्या आदल्या दिवशी ती घराची किल्ली काकूंकडं ठेवायची आणि वकीलसाहेबांना म्हणायची, "साहेब, आमी चाललाव. रानावर नजर ठिवा."

"ठेवतो," ते म्हणायचे. दरसाल एवढंच.

त्या वर्षीही ते ठेवतो म्हणाले होते. आणि संक्रांतीच्या आसपास, मोहिमेतली पहिली नोटीस नेमकी सरूबाईच्या दाराला लागली. कुलूप असलेलं दार. त्याच्यावर कागद डकवला, नव्या साहेबानं दारासकट फोटो काढला, झाली तामील. सोयाबीन काढून रान मोकळं टाकून ती गेली होती, कालव्याचं पाणी पाझरतं, त्यामुळं थंडीतसुद्धा त्या तुकड्यात गाजरगवत मांडीपर्यंत आलेलं. नोटीस चुकीची नव्हती. तोच तर त्रास होता.

काकूंनी सरूबाईच्या नवऱ्याला फोन लावला. मागं ट्रॅक्टरचा आवाज. तो म्हणाला, "मुकादम मधूनच सोडत न्हाई हो काकू. आन सोडलं तरी दोघांनी हातातला कोयता टाकून कसं यावं?" मग सरूबाईनं फोन घेतला. तिला एवढंच कळलं होतं, की सरकारनं रानावर कागद लावलाय. "रान जाईल का हो काकू?" ती विचारत होती. "साहेबाला इचारा ना, रान जाईल का?" वकीलसाहेब समोरच बसले होते. फोन स्पीकरवर होता.

शाळेला स्थानिक सुट्टी होती, म्हणून कचेरीत मी त्यांच्याबरोबर गेले. त्यांना एकटं पाठवायला काकूंचा जीव होईना.

"कालव्याच्या भरावावर कमरेइतकं गवत उभं हाय," ते साहेबाला म्हणाले. "तिथलं बी उडून हिच्या रानात येतं. त्याची नोटीस कुणाच्या दाराला लावली?"

"ते आमच्या खात्याचं नाही," साहेब म्हणाला.

"आन गावातल्या मोठ्या लोकांच्या मळ्यातलं?"

साहेबानं फायलीत बघितल्यासारखं केलं. मग जरा खालच्या आवाजात म्हणाला, "वकीलसाहेब, तुमच्याच अर्जावर चाललंय सगळं. मुदतीत गवत निघालं नाही तर आमची माणसं काढतील आणि बोजा तिच्या सातबाऱ्यावर चढेल. हे तुम्हीच लिहिलंय, शेवटच्या परिच्छेदात. एक करू या का? तुम्ही अर्ज मागं घ्या. मी मोहीम थांबवतो, नोटीस फाडून टाकतो. विषय संपला."

मी मनात म्हटलं, घ्या हो मागं, सोडवा त्या बाईला. एका सहीचं काम होतं. पण मग कायदा परत कपाटात जाणार होता, आणि त्यांच्या हयातीत परत बाहेर येणार नव्हता. एवढं मलाही कळत होतं. त्यांनी टेबलाला टेकवलेली काठी हातात घेतली.

"अर्ज मागं घेत न्हाई," ते उठत म्हणाले. "नोटिसीचं पालन होईल."

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या रडण्यानं मला जाग आली. मी बाहेर आले तर वकीलसाहेब पुढच्या खोलीत उभे होते आणि त्यांनी तो काळा कोट अंगात घातलेला होता. सगळ्या गुंड्या लावलेल्या, कॉलर वर केलेली, गळ्याला मफलर, कानटोपी, हातात रबरी मोजे.

"डॉक्टर काय म्हणाले होते?" काकू रडत म्हणत होत्या. "मजूर लावा की. मी माझ्या पाटल्या देते, पण मजूर लावा."

"या गवताला हात लावायला मजूर येत न्हाई, तुला माहीत हाय," ते म्हणाले. "आन आला असता तरी. मी नजर ठेवतो म्हणालो होतो तिला. मजूर लावतो म्हणालो नव्हतो."

"पण कोट कशाला घातलाव?" मी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"बाह्या जाड हायत," ते म्हणाले. मग जरा थांबून म्हणाले, "आन कायद्याचं काम हाय."

मी शाळेत अर्जंट रजा टाकली आणि त्यांच्या मागं गेले. रानात दव पडलेलं होतं. ते म्हणाले, दव आहे तोवरच उपटायचं, फूल ओलं असतं तोवर धूळ उडत नाही. झटकायचं नाही. अलगद धरायचं, मुळासकट काढायचं, मुळं वर करून ठेवायचं. आणि वाकले. इतकी वर्षं काठीनं दाखवत आलेला तो माणूस, त्या पांढऱ्या फुलांत कमरेत वाकला आणि त्यानं पहिलं रोप स्वतःच्या हातानं काढलं. मी ज्याच्या नकला केल्या तो हाच का, असं वाटत राहिलं. मी पदर खोचला आणि शेजारच्या ओळीला लागले.

"तुमी कुठल्या नात्यानं?" त्यांनी विचारलं.

"तुम्हीच मला भोगवटादार केलंय," मी म्हणाले. "आता गप काम करू द्या."

ते हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा पाहिलं.

पहिल्या दिवशी रस्त्यावरनं जाणारे मोटारसायकली थांबवून बघत होते. कुणी तरी व्हिडिओ काढला, रात्रीपर्यंत तो सगळ्या गावाच्या फोनवर फिरला, खाली लिहिलेलं: वकीलसाहेब गवताची केस लढायलेत. दुसऱ्या दिवशी त्यांचे डोळे सुजले होते. तिसऱ्या सकाळी पापण्या इतक्या चढल्या, की रोप चाचपून काढायला लागले. मोज्याच्या आत कातडी तडकून रक्त येत होतं, ते मोजा काढून उलटा करायचे, परत घालायचे. मी म्हणाले, आता बस्स करा, राहिलेलं मी बघते. ते म्हणाले, "कोर्टात मी खाजवत होतो म्हणून बसलो. इथं कोण बघतंय?" मग मीही पुढच्या ओळीला लागले. त्या दिवसापासून बघणाऱ्यांपैकी दोघं-तिघं बांधावर चपला काढून रानात उतरले. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं. काकू डबा घेऊन यायच्या, बांधावर बसून त्यांच्या हाताला खोबरेल लावायच्या आणि डॉक्टरांना सोडून सगळ्यांना शिव्या द्यायच्या.

सकाळी शाळेच्या आधी मी तिथं, शाळा सुटली की उपटलेलं उचलायला मी तिथं. असं करत ते रान निघालं. फुलावरचं होतं ते जाळलं, बाकीचं खड्ड्यात पुरलं.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी साहेब जीप घेऊन आला. बरोबर माणसं, खुरपी, पंच, सगळा सरंजाम. काळी माती, एक काडी नाही. साहेब बांधावरच थांबला.

"हे कुणी काढलं?"

"नोटिसीचं पालन झालं," वकीलसाहेब म्हणाले. ते कोट घालूनच उभे होते. तोंड सुजून ओळखू न येण्यासारखं झालेलं, डोळ्यांच्या नुसत्या फटी. "भोगवटादाराच्या वतीनं झालं. कुणी केलं हे कायदा विचारत न्हाई. लिहून घ्या आन सही करा."

साहेबानं मुकाट्यानं लिहिलं. सही केली. माणसं जीपकडं वळली.

"थांबा," वकीलसाहेब म्हणाले. "मोहीम चालू हाय ना? मी अर्ज मागं घेतलेला न्हाई. आता तोंड तिकडं करा."

तिकडं कालव्याचा भराव होता. नजर जाईल तिथपर्यंत पांढरा. त्यांनी काठी उचलली आणि सांगायला सुरुवात केली. जागेचं वर्णन, चतुःसीमा, तणाची उंची, फुलाची अवस्था, वाऱ्याची दिशा, जमीन कुणाच्या ताब्यात. दिसत तर काही नव्हतं त्यांना, सगळं तोंडपाठ. आवाज चढवला नाही, एक शब्द इकडचा तिकडं नाही. तो साहेब जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून शिक्षेला बसवलेल्या पोरासारखा लिहीत होता आणि त्याची माणसं खुरपी हातात धरून सरळ उभी राहिली होती. पाथरीच्या कोर्टात हा माणूस उभा राहायचा तेव्हा कसा दिसत असेल, ते मला त्या दिवशी दिसलं. सुजलेलं तोंड, फाटलेले मोजे आणि अंगावर तो हिरवट डागांनी भरलेला कोट. इतका मोठा माणूस मी जवळून पाहिलेला नाही.

शेवटी ते म्हणाले, "खाली लिहा, भोगवटादार: शासन."

साहेबाचं पेन थांबलं. त्यानं एकदा त्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि लिहिलं. होळीच्या आधी भरावावर माणसं लागली आणि तो साफ झाला. पुढच्या वर्षी परत कुणी आलं नाही, साहेबाची बदली झाली, ते सोडा. पण एकदा झाला.

पाडव्यानंतर सरूबाई आली. किल्ली घ्यायच्या आधी रानात जाऊन आली होती. अंगणातच उभी राहिली.

"साहेब, रान कोन साफ केलं?"

"नोटिसीचं पालन झालं," वकीलसाहेब म्हणाले. "बोजा चढला न्हाई. रान तुझं हाय."

"ते कळलं. पर केलं कोन?"

"अगं, चहा टाक हिला," ते काकूंना म्हणाले.

सरूबाई त्यांच्या हातांकडं बघत होती. काळे पडलेले, जागोजाग कातडी निघालेली. मग तिचं लक्ष वाळत घातलेल्या कोटाकडं गेलं. काकूंनी तो चारदा धुतला होता, बाह्यांवरचे डाग गेले नव्हते. ती कोटाजवळ गेली, बाही हातात घेतली, वास घेतला. ज्या बाईनं जन्मभर तण काढलं तिला सांगायला काय लागतं? तिनं डोळ्याला पदर लावला नाही, पायाही पडली नाही. कोट दोरीवरनं काढला, घडी घातली आणि काखेत धरला.

"उसवलाय," ती म्हणाली. "शिवून आनते."

आणि चहा पिऊन गेली. तो कोट परत आला नाही. एका रोपासाठी मला नोटीस बजावणाऱ्या माणसानं त्या कोटाबद्दल तिला एका शब्दानं विचारलं नाही. खुंटी रिकामीच राहिली. काकू तरी सवयीनं तिच्यावरनं फडकं फिरवायच्या.

वकीलसाहेब जाऊन आता दोन वर्षं झाली. वयानं गेले, झोपेत गेले. माझी बदली सोनपेठला झालीय, पण काकूंना भेटायला मी पाथरीला येत-जात असते. गेल्या दसऱ्यानंतर असंच परत जाताना आमची बस कालव्याच्या पुलाजवळ अडकली. रस्त्यात तोडीला निघालेला ट्रॅक्टर उभा होता. मागच्या ट्रॉलीत भांडी, गाठोडी, शेळ्या, पोरं, सगळं भरलेलं. मुकादम हॉर्न वाजवून वाजवून थकला होता.

"काय झालं?" मी कंडक्टरला विचारलं.

"काय न्हाई हो मॅडम, एका बाईसाठी थांबलेत. दरसालचं हाय तिचं. सोताचं रान साफ करती ते करती, वर भरावाचं गवत काढल्याबिगर गाडीत बसत न्हाई. आता कालवा काय तिचा हाय का? सरकारचा हाय. पर ऐकंल तर शपथ."

मी खिडकीतून वाकून बघितलं. भरावावर सरूबाई होती. लुगडं वर खोचलेलं आणि अंगात काळा कोट, सगळ्या गुंड्या लावलेला. बाह्या तिला लांब होत्या, त्या तिनं मनगटाशी सुतळीनं बांधल्या होत्या. तिनं एक रोप धरलं, हलवलं आणि काढलं. झटकलं नाही. मुळं वर करून अलगद बाजूला ठेवलं.

मुकादमानं परत हॉर्न दिला. तिनं वर बघितलं नाही, पुढच्या रोपाला हात घातला.